आधी गच्ची, मग गॅलरी

१७९९ सालच्या नोव्हेंबरात स्कॉटलंडच्या फाइफ परगण्यातला एक चौदा वर्षांचा मुलगा चित्रकला शिकायला एडिनबराला निघाला. नाव डेव्हिड विल्की. वडील कल्ट्स नावाच्या खेड्यात पाद्री. पोराचा हात मात्र घडीभर स्वस्थ नसायचा. रविवारी वडील प्रवचन देतायत आणि हा बायबलच्या कोऱ्या पानावर समोर पेंगणाऱ्या शेतकऱ्याचा चेहरा उतरवतोय, असा प्रकार. एडिनबरात ‘ट्रस्टीज अकॅडमी’ नावाची चित्रशाळा होती. तिथला सचिव जॉर्ज थॉमसन याने मुलाची चित्रं पाहिली आणि प्रवेश नाकारला, हात तयार नाही म्हणून. हा थॉमसन काही अरसिक नव्हे, कवी रॉबर्ट बर्न्सकडून गाणी लिहून घेऊन छापणारा माणूस. शेवटी लेव्हनच्या अर्लने, म्हणजे तिकडच्या उमरावाने, शब्द टाकला तेव्हा दार उघडलं. वशिला तिथेही लागत होता तर! पुढे हाच मुलगा ब्रिटनच्या राजाचा अधिकृत चित्रकार झाला.

मी जन्मभर साताऱ्याकडच्या शाळांमध्ये चित्रकला शिकवली. वेळापत्रकात शेवटचा तास कोणाचा, तर चित्रकलेच्या बाईंचा. गणिताचा पोर्शन राहिला की पहिला बळी कोणाचा, तर त्याच बाईंचा. त्यामुळे ‘हात तयार नाही’ म्हणून परत पाठवलेलं पोर दिसलं की मी त्याच्या बाजूची होते. पण विल्कीच्या निमित्ताने मला जास्त कुतूहल वाटलं ते त्या शाळेचं. खेड्यातल्या मुलाला कलेसाठी मोठ्या शहरात पाठवायचं, ही कल्पना एडिनबराला सुचली कशी?

ती कलेतून सुचलेली नाही, कापडातून सुचली. १७०७ मध्ये स्कॉटलंड आणि इंग्लंडच्या पार्लमेंटांचं विलीनीकरण झालं. त्यानंतर स्कॉटलंडच्या उद्योगधंद्यांना हात द्यायला १७२७ मध्ये मासेमारी, कारखानदारी आणि सुधारणा यांच्यासाठी एक विश्वस्त मंडळ नेमलं गेलं. मंडळाचं मुख्य लक्ष लिननवर. माल चांगला विणला जायचा, पण त्यावरची नक्षीही नजरेत भरेल अशी हवी, तरच तो बाजारात टिकेल, असा रोखठोक हिशेब. म्हणून १७६० मध्ये मंडळाने आपल्या पैशाने चित्रशाळा काढली. पहिला शिक्षक डेलाकूर नावाचा फ्रेंच माणूस. विद्यार्थी कोण, तर विणकर, छापकाम करणारे, घरं रंगवणारे, धातूवर कोरीव काम करणारे, आणि त्यांच्या हाताखालची उमेदवार पोरं. सार्वजनिक पैशावर चाललेली ब्रिटनमधली ही पहिली चित्रशाळा मानतात.

आमच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांत वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र असे पेपर असतात. संकल्पचित्र म्हणजे चौकोनात किंवा वर्तुळात पानं-फुलं बसवायची, रंग भरायचे, दोन्ही बाजू सारख्या यायला हव्यात. मुलं दरवर्षी विचारतात, “बाई, हे कशाला?” त्याचं खरं उत्तर कापड हे आहे. आणि हे उत्तर उगीच जोडून दिलेलं नाही. १८५८ मध्ये ट्रस्टीज अकॅडमी लंडनच्या साउथ केन्सिंग्टनच्या सरकारी कला खात्याला जोडली गेली. १८५७ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्येही पुढे साउथ केन्सिंग्टनचीच शिस्त आणि तिथेच तयार झालेले शिक्षक आले. प्लॅस्टरचा पुतळा समोर ठेवून तासन्‌तास शेडिंग करणं, नक्षीची पुनरावृत्ती घोटणं, हे सगळं त्याच पेटीतून बाहेर निघालेलं. एडिनबराच्या आजच्या कला महाविद्यालयात, जे १९०७ मध्ये अकॅडमीचा वारसा घेऊन उभं राहिलं, ग्रीसमधल्या पार्थेनॉन मंदिराच्या शिल्पपट्ट्यांच्या प्लॅस्टरच्या नकला अजून भिंतीवर आहेत. त्या पाहताना मला आमच्या वर्गातल्या कपाटावरचा, नाकाचा टवका उडालेला ग्रीक मुखवटा आठवला.

साउथ केन्सिंग्टनहून आलेल्यांपैकी एक जॉन ग्रिफिथ्स. त्याचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाववत नाही. त्याने १८७२ पासून जे. जे.च्या विद्यार्थ्यांना अजिंठ्याला नेऊन लेण्यांतल्या चित्रांच्या मोठाल्या नकला करून घेतल्या. काम १८८५ पर्यंत चाललं. लंडनला पाठवलेल्या नकलांपैकी कितीतरी साउथ केन्सिंग्टनच्या आगीत जळाल्या, हे दुर्दैव. पण महाराष्ट्रात विद्यार्थ्यांना घेऊन कलेसाठी केलेला इतका लांबलचक मुक्काम दुसरा मला माहीत नाही. आणि गंमत बघा, एडिनबरा मुलांना खेड्यातून शहरात आणत होतं, ग्रिफिथ्स मुलांना शहरातून डोंगरात नेत होता.

आता मी या भानगडीत कशी पडले ते सांगते. माझा मुलगा फाइफमधल्या कूपर गावी राहतो. विल्कीही काही काळ याच कूपरच्या शाळेत होता, आणि कल्ट्सजवळचं त्याचं गाव पिटलेसी इथून जवळच. नात हायस्कूलच्या पहिल्या वर्षाला, म्हणजे आपल्या सातवी-आठवीच्या वयाची. त्यांच्या वर्गाची सहल एडिनबराला गेली, विषय कला. आजी चित्रकलेच्या बाई, तेव्हा मदतनीस म्हणून बरोबर यायची माझी तयारी होतीच. पण तिकडे मुलांबरोबर काम करायचं म्हटलं की आधी सरकारी तपासणीची कागदपत्रं लागतात, चार दिवसांच्या पाहुणीला ते कुठून जमणार? नियम बरोबरच आहे. मग पुढच्या शनिवारी नातीने तोच दौरा मला घडवला. शाळेने दिलेला चार पानी कागद तिच्या हातात होता, आणि मार्गदर्शकाचा सगळा रुबाब.

कूपरहून गाडी थेट एडिनबराच्या वेव्हर्ली स्टेशनात जाते. वाटेत फोर्थच्या खाडीवरचा १८९० सालचा तो लाल रेल्वे पूल. विल्कीच्या काळी पूल नव्हता, फाइफच्या किनाऱ्यावरून होडीने लीथ बंदर गाठावं लागे. नोव्हेंबरात ती खाडी ओलांडणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलाच्या पोटात काय झालं असेल, ते पुलावरून खाली बघितलं की कळतं.

मला वाटलं होतं आपण आधी गॅलरीत जाऊ. नात म्हणाली, “नाही आजी, आधी कॅल्टन हिल.” कागदावर पहिलाच प्रश्न तो होता. टेकडीवर उभं राहायचं आणि शहराची आकाशरेषा पेन्सिल न उचलता एका दमात काढायची. खोडरबर बंद. तिच्या वहीत ती रेषा होती: डावीकडे आर्थर्स सीटचा डोंगर, मग चर्चचे कळस, मग कॅसल, आणि मध्येच पेन्सिल घसरलेली. माझ्या मते संपूर्ण कागदातला हा सर्वांत शहाणा प्रश्न. टेकडीवर ग्रीक मंदिरासारखे बारा खांब उभे आहेत. नेपोलियनच्या युद्धात पडलेल्यांसाठी १८२६ मध्ये पार्थेनॉनची प्रतिकृती बांधायला घेतली, १८२९ मध्ये पैसे संपले, काम तिथेच थांबलं. लोकांनी त्याला शहराची नामुष्की म्हटलं. आता त्याचेच फोटो सगळे काढतात.

तिथून उतरून माउंडवर. हा माउंड म्हणजे मुळात राडारोडा. १७६७ मध्ये जेम्स क्रेगच्या आराखड्याने नवं शहर बांधायला घेतलं, पाया खणताना निघालेली माती गाड्या भरभरून जुन्या आणि नव्या शहरामधल्या उपसलेल्या तळ्यात टाकली, आणि तिचा बांध झाला. त्या बांधावर वास्तुविशारद विल्यम प्लेफेअरने दोन देवळांसारख्या इमारती उभारल्या. मागची ती राष्ट्रीय चित्रगॅलरी. १८५० मध्ये राणीचा नवरा प्रिन्स अल्बर्ट याने कोनशिला बसवली, १८५९ मध्ये ती लोकांना खुली झाली, आणि प्लेफेअर त्याआधीच वारला होता. गॅलरीच्या खालून रेल्वेचे बोगदे जातात. वर रेम्ब्रांट टांगलेला आणि खालून ग्लासगोची गाडी चाललेली.

आत विल्कीचं ‘पिटलेसी फेअर’ आहे. १८०४ मध्ये, अकॅडमीतून गावी परतल्यावर, एकोणिसाव्या वर्षी काढलेलं. जेमतेम मीटरभर रुंदीच्या चित्रात गावची जत्रा आणि सुमारे एकशे चाळीस माणसं. गुरं, फेरीवाले, पोरं, कुत्री, दारात उभ्या बायका. जवळ जाऊन बघितलं तर प्रत्येक चेहरा वेगळा. कारण ते चेहरे खरे होते, चर्चमध्ये बायबलच्या पानावर गोळा केलेले. शहराने त्याला हाताचं वळण दिलं आणि तो चित्र काढायला गावाला परत गेला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. याच विल्कीने १८३९ मध्ये श्रीरंगपट्टणात टिपूचा मृतदेह सापडल्याचं भलंमोठं चित्रही काढलं, हिंदुस्थानात कधी पाऊल न ठेवता. दोन्ही चित्रं ठाऊक असणाऱ्याला फरक सांगावा लागत नाही. टिपूच्या चित्रात माणसं उभी केलेली आहेत, जत्रेत ती उभी आहेत.

नातीच्या कागदावरचा दुसरा प्रश्न असा: एक चित्र निवडा, त्याच्यासमोर दहा मिनिटं नुसते बसा, पेन्सिल खाली ठेवा, मग फक्त एका कोपऱ्याचं चित्र काढा. तिने निवडलं होतं चित्रकार रेबर्नच्या नावावर असलेलं स्केटिंग करणाऱ्या पाद्र्याचं चित्र. डडिंग्स्टनच्या गोठलेल्या तळ्यावर काळ्या कपड्यातले रेव्हरंड रॉबर्ट वॉकर हाताची घडी घालून एका पायावर निघालेत, चेहऱ्यावर प्रवचनाची गंभीरता. नातीने काढलेला कोपरा म्हणजे बर्फावर उमटलेले स्केटच्या पात्याचे ओरखडे. मी इतकी वर्षं त्या चित्राच्या छापील प्रती बघत आले, ओरखडे कधी नीट पाहिले नव्हते. रेबर्न स्वतः लहानपणी पोरका झालेला, एडिनबराच्या हेरियट्स हॉस्पिटल या अनाथ मुलांच्या शाळेत वाढलेला आणि सोनाराकडे उमेदवारी केलेला. पुन्हा तेच. या शहरात चित्रकार तयार झाले ते सोनारकामाच्या आणि कापडाच्या मागच्या दाराने.

गॅलरीनंतरची दोन ठिकाणं थोडक्यात सांगते. चेंबर्स स्ट्रीटवरच्या म्युझियमची कोनशिला प्रिन्स अल्बर्टनेच १८६१ च्या ऑक्टोबरात बसवली. त्यानंतर दोन महिन्यांत तो गेला. आतलं मोठं दालन ओतीव लोखंडाचं, वरून उजेड झिरपणारं, पिंजऱ्यासारखं. मुळात हेही उद्योगाचं म्युझियम, कारागिरांनी यावं आणि नमुने बघावेत म्हणून. दुसरं म्हणजे हाय स्ट्रीटवरचं बालपणाचं म्युझियम. जगातलं अशा प्रकारचं पहिलं म्हणतात. ते १९५५ मध्ये पॅट्रिक मरे नावाच्या नगरसेवकाने काढलं. या गृहस्थांना लहान मुलं अजिबात आवडत नसत आणि ते तसं उघड सांगत. खेळण्यांवरचं आपलं पुस्तक त्यांनी हेरॉड राजाला अर्पण केलं, ज्याने बालहत्या करवल्या त्या हेरॉडला! मुलांची अशी थट्टा करणाऱ्याच्या घरात आज दिवसभर मुलांचाच कालवा असतो.

यानंतर कॅसलहिल. नातीच्या कागदात हे ठिकाण नव्हतं, माझ्या हट्टाने गेलो. किल्ल्याच्या तोंडाशी एक बुरूजवजा उंच घर आहे. डोक्यावर पांढरा घुमट. मारिया शॉर्ट नावाच्या बाईने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इथे लोकांसाठी दुर्बिणी आणि ‘कॅमेरा ऑब्स्क्युरा’ मांडला. १८९२ मध्ये ही इमारत पॅट्रिक गेडिस याने घेतली आणि तिला नाव दिलं ‘आउटलुक टॉवर’.

गेडिस मूळचा वनस्पतिशास्त्रज्ञ. १८५४ चा जन्म. तरुणपणी मेक्सिकोत असताना त्याचे डोळे काही काळ गेले. अंधाऱ्या खोलीत पडून तो कागदाच्या घड्यांना बोटं लावून विचार मांडायला शिकला. पाहण्याबद्दल त्याने पुढे जे काही केलं त्याचं मूळ मला त्या अंधाऱ्या खोलीत दिसतं. डोळे परत आले. १८८६ मध्ये ॲना मॉर्टनशी लग्न केलं आणि दोघं राहायला गेली ती लॉनमार्केटमधल्या जेम्स कोर्टमध्ये, म्हणजे त्या काळच्या गलिच्छ वस्तीत. शिकल्यासवरल्या माणसाने बायकोला घेऊन चाळीत बिऱ्हाड करावं, भिंतींना चुना लावावा, खिडक्यांत फुलझाडं ठेवावीत, हे शेजाऱ्यांना चमत्कारिकच वाटलं असणार. त्याने काढलेल्या सोशल युनियनने सार्वजनिक जागांच्या भिंती रंगवायचं काम हाती घेतलं. फीबी ट्रॅक्वेअर या चित्रकर्तीने आजारी मुलांच्या हॉस्पिटलमधल्या शवागाराच्या छोट्या खोलीच्या भिंती रंगवल्या त्या याच युनियनसाठी. मूल गमावलेले आईबाप जिथे बसत, ती ही खोली. याच ट्रॅक्वेअरबाईंनी पुढे सेंट मेरीज कॅथीड्रलच्या गाणाऱ्या मुलांच्या शाळेच्या भिंतीही चित्रांनी भरल्या.

गेडिसचा टॉवर हा सहलीचा कारखाना होता. तिथे जाण्याची त्याची रीत ठरलेली: आलेल्या मंडळींना थेट वरच्या मजल्यावर, जिने चढवत, शक्यतो धावत. रक्त खेळतं झालं की डोळे ताजे होतात, असं त्याचं म्हणणं. वर अंधाऱ्या खोलीत पांढरं गोल टेबल, घुमटातल्या आरशातून आणि भिंगातून खाली पडणारं बाहेरच्या शहराचं हलतं चित्र, हाच तो कॅमेरा ऑब्स्क्युरा. मग गच्चीवर जाऊन तेच शहर उघड्या डोळ्यांनी. त्यानंतर एका रिकाम्या लहान खोलीत एकट्याने शांत बसायचं, जे पाहिलं ते मनात लावायला. आणि मग एकेक मजला खाली: एडिनबराचा मजला, त्याखाली स्कॉटलंड, त्याखाली इंग्रजी बोलणारे देश, मग युरोप आणि तळमजल्यावर जग. आपल्या गावापासून निघून जगापर्यंत. आमच्या भूगोलाच्या पुस्तकातही आधी तालुका, मग जिल्हा, मग महाराष्ट्र असा क्रम असतो; फरक इतकाच की तिथे तालुका बघायला कोणी गच्चीवर नेत नाही.

त्याच्या उन्हाळी मेळाव्यांना ब्रिटनमधून आणि युरोपातून माणसं येत, आणि त्यांत शाळाशिक्षकांचा भरणा मोठा. ऑगस्टात एडिनबराला जमायचं, सकाळी व्याख्यानं, दुपारी शहरात पायपीट. डोकं, हृदय आणि हात तिन्ही कामाला लागले पाहिजेत, हा त्याचा आग्रह. जुन्या शहरातल्या पडीक जागांवर त्याने बागा केल्या, मुलांना माती खणायला लावलं. आज टॉवरसमोरच्या जुन्या शाळेत व्हिस्कीचं प्रदर्शन आहे आणि टॉवरमध्ये दृष्टिभ्रमांचे खेळ. मुलं आरशांच्या चक्रव्यूहात किंचाळत असतात. गेडिसचं नाव शोधायला जरा कष्ट पडतात. पण वरची अंधारी खोली अजून चालू आहे. मार्गदर्शक दांडा फिरवते, टेबलावरून बाहेरचा रॉयल माइल हा रस्ता सरकत जातो. नातीच्या हातात कागदाचा तुकडा दिला, तिने तो टेबलाला लावून हळूच उचलला, तर रस्त्यावरून चाललेला छत्रीवाला माणूस कागदावर चढला आणि पलीकडे उतरला. त्या माणसाला पत्ताच नाही.

हा गेडिस आपल्याकडे आला होता, आणि ही हकीकत महाराष्ट्रातल्या शिक्षकांनाच माहीत नाही याचं मला वाईट वाटतं. १९१४ मध्ये त्याचं शहरांविषयीचं प्रदर्शन जहाजाने हिंदुस्थानकडे निघालं आणि ‘एम्डेन’ या जर्मन युद्धनौकेने ते जहाजच बुडवलं. गड्याने मित्रांकडून नकाशे-चित्रं पुन्हा जमवली आणि १९१५ मध्ये मद्रासला प्रदर्शन मांडलं. पुढची वर्षं तो हिंदुस्थानातल्या शहरांच्या गल्लीबोळांतून पायी हिंडला. रुंद रस्ते काढण्यासाठी घरं पाडायची, या इंजिनीअरी खाक्याला त्याचा सक्त विरोध. १९१७ मध्ये थोरला मुलगा फ्रान्समध्ये लढाईत पडला, आणि त्याच वर्षी ॲना कलकत्त्यात आजाराने गेली. तरी काम थांबलं नाही.

त्याच सुमारास होळकरांच्या इंदुरात प्लेगची धास्ती होती. नकाशे घेऊन बोळांतून फिरणाऱ्या या दाढीवाल्या साहेबाला लोक बिचकत. घरं पाडायला आला असं समजत. गेडिसने दरबाराकडून दिवाळीच्या मिरवणुकीची सूत्रं मागून घेतली आणि जाहीर केलं, ज्या रस्त्यावरची घरं सगळ्यांत स्वच्छ आणि डागडुजी केलेली असतील त्या रस्त्यावरून मिरवणूक जाईल. गाव झाडलोटीला लागलं. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा उंदीर होता आणि स्वच्छ पांढऱ्या कपड्यांत, गळ्यात हार घालून चालणारे सफाई कामगार होते. शेवटी राक्षस आणि उंदीर जाळले. इंदूरविषयीचा त्याचा दोन खंडांचा अहवाल १९१८ मध्ये निघाला. पुढे १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरशास्त्राचा पहिला प्राध्यापक म्हणून त्याची नेमणूक झाली, १९२४ पर्यंत तो तिथे होता. त्याच्यानंतर विभाग सांभाळला तो मालवणच्या गोविंद सदाशिव घुर्यांनी. म्हणजे कॅसलहिलच्या गच्चीवरून निघालेली वाट आपल्या उंबऱ्यापर्यंत आली होती. पुढे ती विद्यापीठात राहिली, शाळेत आली नाही.

शाळेत काय आलं? सहलीचं पत्रक. पहाटे पाचला एसटी, वाटेत चहा, दोन देवळं, एक धरण, एक किल्ला, एक म्युझियम, संध्याकाळी बागेत खेळ, रात्री दहाला परत. म्युझियमला पाऊण तास, त्यातली वीस मिनिटं चपला काढण्यात आणि रांगेत. एका म्युझियमचा (नाव घेत नाही) पहारेकरी तर ‘चला, चला, पुढे सरका’ याखेरीज दुसरं वाक्य बोललेलं मी ऐकलं नाही. सातारा जिल्ह्यातल्या औंधला मी पोरांना बऱ्याचदा नेलं. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये यमाईच्या डोंगरावर उभारलेलं ते चित्रसंग्रहालय म्हणजे चमत्कारच. लहानशा संस्थानाच्या राजाने, जो स्वतः चित्रं काढायचा, खेडेगावात रविवर्म्याची चित्रं आणि हेन्री मूरचं शिल्प आणून ठेवलं. एडिनबराने मुलांना कलेसाठी शहरात बोलावलं, पंतांनी कलाच गावात आणली. पंतांचं पारडं मला जड वाटतं. पण तिथेही आमची मुलं वहीत नावांची यादी उतरवून बाहेर पडत, कारण परत गेल्यावर मराठीच्या बाई ‘आमची सहल’ हा निबंध मागणार असत.

एडिनबराची आज जी ख्याती आहे ती मात्र या जुन्या शाळांमुळे किंवा टॉवरमुळे नाही, ती संगीत-नाटकांच्या महोत्सवामुळे आहे. आपल्या स्वातंत्र्यानंतर नऊच दिवसांनी, २४ ऑगस्ट १९४७ ला, तो सुरू झाला. युद्ध संपून दोन वर्षं झालेली, अन्न, कपडे, कोळसा सगळ्याचं रेशनिंग. नाझींमुळे देश सोडावा लागलेला संगीतकार ब्रूनो वॉल्टर इथे पुन्हा व्हिएन्ना फिलहार्मोनिकसमोर उभा राहिला. कॅसलवर रोषणाई करायला इंधन खात्याने आधी नकार दिला, तेव्हा लोकांनी आपल्या वाट्याचा कोळसा देऊ केला आणि परवानगी मिळाली. आमंत्रण नसताना आठ नाटक मंडळ्या आल्या आणि मिळेल त्या सभागृहात खेळ करू लागल्या, त्यातूनच पुढे ‘फ्रिंज’ महोत्सव उभा राहिला. हे सगळं मोठ्यांचं. मुलांसाठी वेगळा नाट्यमहोत्सव यायला १९९० साल उजाडलं, तोही आधी तंबूंमध्ये. तो अजून चालू आहे आणि मे-जूनच्या शाळेच्या दिवसांत भरतो, जेणेकरून बाईंना वर्ग घेऊन येता यावं. आमच्या मोसमी स्नेहसंमेलनांपेक्षा ही सोय मला जास्त पटली.

नातीच्या कलाशिक्षिकेला गेडिस माहीत असेल की नाही कोण जाणे. पण तिने आधी टेकडी ठेवली आणि मग गॅलरी, आणि एका चित्राला दहा मिनिटं दिली. तेवढ्यावर मी तिला पैकीच्या पैकी गुण देते.

तुम्ही मुलांना घेऊन एडिनबराला जाणार असाल तर राष्ट्रीय गॅलरी, पोर्ट्रेट गॅलरी आणि चेंबर्स स्ट्रीटचं म्युझियम या तिन्हींच्या कायमच्या संग्रहाला तिकीट नाही, टॉवरला आहे. टॉवरला ऊन असेल त्या दिवशी जा, कारण टेबलावरचं चित्र बाहेरच्या उजेडावर चालतं. गॅलरीत शिसपेन्सिल न्या, पेन नको. आणि इथल्या शिक्षकांना एक विनंती. औंधला सहल काढाल तेव्हा एसटी थेट संग्रहालयाच्या दारात उभी करू नका. मुलांना आधी यमाईच्या डोंगरावर चढवा, वरून गाव दाखवा, प्रत्येकाला एक रेषा काढू द्या. पत्रकातलं धरण गाळलं तरी चालेल.